मॅग्नेटिक स्टररला दोन स्टार, केकवाल्याच्या टर्नटेबलला साडेचार

आधीच सांगून टाकतो, केमिस्ट्रीवाल्यांनी हा रिव्ह्यू वाचून स्टररबद्दल मत बनवू नका. तुम्हाला मीठ विरघळवायचंय, टायट्रेशन करायचंय, तर हा डबा ठीकठाक आहे, घ्या. मी गणितवाला माणूस. मला काहीही ढवळायचं नव्हतं, मला ढवळणं बंद केल्यावर पुढे काय होतं ते बघायचं होतं. आणि त्या कामाला तो पार बोगस निघाला.

वस्तू म्हणजे हॉट प्लेटवाला मॅग्नेटिक स्टरर, एक लिटर कपॅसिटी, ऑनलाइन ३,१०० रुपयांना पडला. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण तोच निळा पत्र्याचा डबा पाच वेगवेगळ्या स्टिकरखाली विकायला आहे, फोटोसुद्धा सेम. सोबत एक वायर, एक पांढरी बीड (आत लोहचुंबक असलेली कॅप्सूल, ती भांड्याच्या तळाशी टाकायची आणि खालून मोटर तिला फिरवते) आणि एक कागद, ज्याच्यावर "डू नॉट टच हॉट सरफेस" एवढंच मोठ्या अक्षरात. वॉरंटी कार्ड कोरं.

आता मी हे का घेतलं ते सांगतो, त्याशिवाय माझी चिडचिड कळायची नाही.

मी एमएस्सीच्या पोरांना पीडीई (पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स) शिकवतो. यंदा शेवटी थोडा वेळ उरला म्हणून नेव्हिए-स्टोक्स घेतलं, म्हणजे पाणी, तेल, मध असल्या चिकट द्रवांच्या हालचालीची समीकरणं. नेव्हिएने १८२२ मधे मांडली, स्टोक्सने १८४५ मधे नीट बसवली, आणि अजूनही तीन मितींमधे त्यांची उत्तरं कायम गुळगुळीत राहतात का (म्हणजे वेग कुठे अचानक अनंत तर होत नाही ना) हे कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही, त्याच्यावर २००० सालापासून दहा लाख डॉलरचं बक्षीस लागलंय, हे बहुतेकांना माहितीच असतं. बक्षिसाची गोष्ट सांगितली की पोरं जागी होतात. पण मला शिकवायचा होता दुसराच प्रश्न, ज्याला बक्षीस नाही पण मला तो जास्त आवडतो. एकदा ढवळलं आणि सोडून दिलं, बाहेरून काही ढोसत नाही, तर ती हालचाल मरते का, आणि मरते तर किती वेगाने?

मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "सर, थांबणारच ना. त्यात सिद्ध काय करायचंय?"

प्रश्न बरोबर होता. मी फळ्यावर एनर्जीचं गणित केलं. ते खरंच दोन ओळींचं आहे. समीकरणात जो भयानक नॉनलिनियर भाग आहे, ज्याच्यामुळे सगळ्यांची झोप उडते, तो एकूण एनर्जीच्या हिशोबात शून्य होऊन जातो. भिशीसारखं आहे ते, पैसे याच्याकडून त्याच्याकडे फिरतात, मोठ्या भोवऱ्याकडून छोट्याकडे, छोट्याकडून अजून छोट्याकडे, पण गल्ल्यातली एकूण रक्कम त्याने बदलत नाही. रक्कम कमी होते ती फक्त व्हिस्कॉसिटीमुळे, म्हणजे द्रवाच्या चिकटपणामुळे, आणि ती किती खाणार हे ठरतं शेजारशेजारच्या पाण्याच्या वेगात किती फरक आहे त्यावरून. फरक जास्त, घासाघीस जास्त, एनर्जीची उष्णता जास्त.

तर एनर्जी सतत कमी होते हे दोन ओळीत झालं. पण कमी होते म्हणजे शून्याला जाते असं नाही ना! समजा ती सगळी हालचाल पसरत पसरत इतक्या अवाढव्य, इतक्या आळशी भोवऱ्यात जाऊन बसली की शेजारच्या पाण्यात फरकच उरला नाही, तर व्हिस्कॉसिटी खाणार काय? मग थोडी एनर्जी कायमची अडकून राहू शकते. फ्रेंच गणिती लरेने १९३४ च्या त्याच्या प्रसिद्ध पेपरात हा प्रश्न मोकळाच सोडलाय. माणसाने कमकुवत उत्तरं (गुळगुळीत असायची सक्ती नसलेली) म्हणजे काय ही अख्खी कल्पनाच त्या पेपरात उभी केली, ती उत्तरं कायम अस्तित्वात असतात हे दाखवलं, ठराविक काळानंतर ती गुळगुळीतच होतात हेही दाखवलं, आणि एवढं करून एनर्जी शून्याला जाते का हे काही ठरवता आलं नाही. याचं उत्तर यायला पन्नास वर्षं लागली. १९८४ मधे काटो आणि मासुदा यांनी ती शून्याला जाते हे दाखवलं, आणि १९८५ मधे मारिया शोनबेक यांनी तर किती वेगाने जाते तेही दाखवलं.

हे मी सांगितल्यावर तोच पोरगा, "पण सर दिसतं का हे?" आणि मी बावळटासारखा म्हणालो, पुढच्या आठवड्यात दाखवतो. म्हणून स्टरर.

आता स्टररवर येतो. बीकर ५०० एमएलचा, पाणी ४०० एमएल, बीड टाकली, नॉब फिरवला. नॉबवर १ ते १० आकडे आहेत पण १ ते ३ पर्यंत काहीच होत नाही, चारला एकदम दचकल्यासारखी सुरू होते, आणि सातच्या पुढे बीडला मोटरचा वेग झेपत नाही, ती सुटते आणि तळाशी टकटक टकटक करत नाचायला लागते. म्हणजे वापरायला चार ते सात. आरपीएम दाखवणारा डिस्प्ले नाही, या किमतीत नसतोच म्हणा. भोवरा मात्र सुंदर पडतो, हे मान्य, मधे छान खळगा पडतो आणि पोरं "ओहो" म्हणतात.

पण मग बंद केलं. इथे पहिला घोळ. मोटर थांबते, खालचं चुंबक थांबतं, आणि ते बीडला घट्ट धरून ठेवतं. म्हणजे पाणी फिरतंय आणि तळाशी मधोमध एक आडवा दांडका खिळून बसलाय. फिरणारं पाणी त्याच्यावर आपटतं, फुटतं, आणि भोवरा जो शांतपणे मरायला हवा तो दांडक्याच्या आडकाठीने तुकडे होऊन मरतो. चालू असताना चमच्याचं काम करणारी बीड बंद केल्या केल्या बंधारा होते. बीकर उचलून बाजूला ठेवावा तर उचलताना पाणी हिंदकळतं. बाहेरून दुसऱ्या चुंबकाने बीड ओढून घ्यावी तर तीही एक ढवळणीच झाली. आठ-दहा वेळा केलं, दरवेळी वेगळं उत्तर.

दुसरा घोळ मला दोन दिवसांनी कळला आणि हा जास्त वाईट आहे. मी पाण्यात चिमूटभर चमकी टाकली होती (तिच्याबद्दल पुढे सांगतो) आणि भोवरा थांबल्यावर बघत बसलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, पाणी काही थांबेना. भोवरा गेला होता, पण मधून वर आणि कडेने खाली असा एक संथ उपसा चालूच. मला आधी वाटलं वा, काय हळू डिके (हालचाल मरणं) आहे, थिअरी दिसतेय! मग प्लेटला हात लावला तर कोमट. हीटर बंद, नॉब शून्यावर, पण आतली मोटर मगाशी चालून तापलेली आणि तिची ऊब पत्र्यातून वर येतेय. खालून तापवलं की पाणी चढणारच, भाताच्या पातेल्यात बघतो तेच. म्हणजे हा डबा बंद केल्यावरसुद्धा ढवळत होता! समीकरणाच्या भाषेत उजव्या बाजूला जो बाहेरच्या बलाचा भाग असतो आणि आपण "शून्य घेऊ" म्हणून खोडून टाकतो, तो माझ्या टेबलावर शून्य नव्हताच. बाहेरून सतत काही घातलं जात असेल तर हालचाल मरते हे वरचं एकही प्रमेय सांगत नाही, आणि का सांगावं.

प्लेट पूर्ण गार व्हायला अर्धा तास लागतो. तोवर तास संपलेला असतो. दोन स्टार, तेही खळग्यासाठी.

केमिस्ट्रीच्या मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "सर, ते ढवळायचं मशीन आहे, तुम्ही ते न ढवळायला घेतलंत." बरोबरच आहे.

आता टर्नटेबल.

बहिणीच्या मुलीच्या वाढदिवसाचा केक घरी करायचा म्हणून तिच्याबरोबर बेकिंगच्या सामानाच्या दुकानात गेलो होतो. गल्लीतलं दुकान, बाहेरून बघाल तर स्टेशनरीचं वाटेल, आत छतापर्यंत केकचे साचे, नोजल, खोके, आणि मालकीणबाई स्वतः केक करणाऱ्या, त्यामुळे काय कशाला लागतं हे नीट सांगतात, उगाच महाग गळ्यात मारत नाहीत. तिथे ते केक फिरवत आयसिंग करायचं गोल टेबल दिसलं, प्लास्टिकचं, ३२० रुपये. बोटाने फिरवून बघितलं आणि डोक्यात ट्यूब पेटली. ढवळायचंच कशाला? अख्खं भांडंच फिरवू! भांड्याबरोबर पाणीही हळूहळू एकजीव फिरायला लागेल, मग भांडं थांबवायचं. आत बीड नाही, चमचा नाही, मोटर नाही, ऊब नाही. केक लागेल तेव्हा लागेल.

चमकीही तिथलीच. केकवर लावायची पर्ल डस्ट म्हणतात तिला, खायची असते, बारीक अभ्रकाच्या पापुद्र्यांची. अभ्रकाचे पापुद्रे पाण्याच्या ओढीप्रमाणे आडवे उभे होतात आणि उजेड वेगवेगळा परततो, त्यामुळे पाण्यातली प्रत्येक घडी रेशमी साडीसारखी दिसते. सोनेरी घ्या, पांढरी नको, पांढरी दिसत नाही. चिमूट म्हणजे खरोखर चिमूट, जास्त टाकलीत तर पाण्याचा रंग होतो नुसता. मी बाईंना विचारलं पाण्यात टाकली तर चालेल का, त्या म्हणाल्या सरबतात टाकतात की लोक. विषय संपला.

तर प्रयोग असा. तोच बीकर, तेच ४०० एमएल, टर्नटेबलच्या बरोबर मधे (हे महत्त्वाचं, मी पेन्सिलने गोल आखून घेतला), खाली दुहेरी टेप. सेकंदाला साधारण एक फेरा या गतीने दोन-तीन मिनिटं हाताने फिरवत राहायचं, पाणी भांड्याबरोबर अगदी एकजीव फिरायला लागतं, चमकी शांत दिसते, घड्या नाहीत काही नाहीत. मग हलक्या हाताने टेबल धरायचं. आणि मोबाइल वरून व्हिडिओ घेत ठेवलेला असतोच, त्यात नंतर एका ठिपक्याचा एक फेरा किती सेकंदात होतो ते मोजायचं.

थांबवल्या क्षणी कडेला खळबळ उडते, काचेला लागून बारीक बारीक वळ्या पडतात, पण मधलं पाणी आपल्याच तंद्रीत फिरत असतं. फेरा १ सेकंदाचा २ सेकंदाचा व्हायला विसेक सेकंद लागले. २ चा ४ व्हायला जरा जास्त. ४ चा ८ व्हायला अजून जास्त, चाळीसेक. म्हणजे वेग निम्मा व्हायला लागणारा वेळ वाढत जातो, आणि याचं कारण तळ आहे. वेगाने फिरणारं पाणी कडेला ढकललं जातं, पण तळाशी चिकटलेला थर, अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड नसतो तो, काचेने धरून ठेवलेला असल्याने फिरत नाही, मग तिथलं पाणी आत मधे घसरतं, मधून वर चढतं आणि असं करत सगळ्या पाण्याला तळाच्या घासणीवरून फिरवून आणतं. चहाच्या कपात चोथा कडेला न जाता मधे का गोळा होतो त्याचं हेच उत्तर, आणि ते आइनस्टाइनने १९२६ मधे नद्यांच्या वळणांवरच्या लेखात दिलंय. माझ्या बीकरच्या तळाशी मधोमध दोन मिनिटांनी सोनेरी चमकीची एक छोटीशी ढिगली झाली, रांगोळीचा ठिपका टाकल्यासारखी. पोरांनी याचेच फोटो काढले, प्रमेयाचे कुणी नाही काढले.

जसजसं पाणी हळू होतं तसतसा हा तळाचा पंप लंगडा पडतो आणि शेवटी नुसती व्हिस्कॉसिटी उरते. तिथे प्रमेय काय म्हणतं ते ऐका. बंद भांड्यात, भिंतीला वेग शून्य असल्यामुळे, हालचाल पसरून पसरून पसरणार किती, भांड्याएवढीच! म्हणजे आळशी अवाढव्य भोवरा हा प्रकारच शक्य नाही, भिंत आणि मध यांच्यात फरक राहणारच, आणि व्हिस्कॉसिटीला खायला मिळत राहणारच. त्यामुळे डिके एक्स्पोनेन्शियल, ठराविक वेळात निम्मा, परत तेवढ्याच वेळात निम्म्याचा निम्मा. माझ्या बीकरसाठी हिशोब केला, त्रिज्या ४.२ सेमी, पाण्याची उंची साधारण ७ सेमी, खोली २८ डिग्री, तर वेग निम्मा व्हायला शेवटी दीड मिनिट लागायला पाहिजे. आणि त्याहून भारी गोष्ट, शेवटी प्रवाहाचा आकारसुद्धा ठरून जातो, सुरुवातीला कसंही ढवळा. १९८४ चा फोयास आणि सो यांचा निकाल आहे, त्यानुसार शेवटी एकच सूर उरतो, बाकीचे आधीच विझलेले असतात. घुंगराच्या गाडीसारखं, गाडी लांब गेली की एकच नाद येत राहतो.

हे मला दिसलं! सगळं नाही, पण दिसलं. सुरुवातीला भांडं आणि पाणी एकजीव फिरत असताना सगळ्यात पळणारं पाणी कडेचं असतं. तीन मिनिटांनंतर बघा, कडेचं पाणी जवळपास मेलेलं, मधलं तर जागच्या जागीच, आणि सगळ्यात जास्त धावणारी चमकी बरोबर मधे आणि कडेच्या साधारण मधोमध. गणित ०.४८ त्रिज्या म्हणतं. मी पट्टी धरून बघितलं, अर्ध्याच्या आसपासच होतं, जास्त अचूक सांगायची माझी छाती नाही.

पूर्ण दीड मिनिटापर्यंत मात्र पोचता आलं नाही. एक फेरा अर्ध्या मिनिटाचा झाला की पाण्याला इकडचा तिकडचा वारा, खिडकीचं ऊन, माझ्या हाताची ऊब, सगळं जाणवायला लागतं आणि भोवरा वेडावाकडा सरकायला लागतो. पाणी आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत झाकून ठेवलं, पंखा बंद, बीकरवर ताटली, तर फरक पडतो. वरून पाणी उडून जाताना वरचा थर गार होतो आणि गार थर खाली बुडतो, ते ताटलीने थांबतं. पण मेच्या महिन्यात पंखा बंद करून तीस पोरांना त्या खोलीत बसवणं म्हणजे माझ्याच एनर्जीचा डिके.

म्हणून तेल. शेंगतेल पाण्यापेक्षा सत्तर-ऐंशी पट चिकट, म्हणजे तोच दीड मिनिट सव्वा सेकंदावर येतो आणि वाऱ्याला लुडबुड करायला वेळच मिळत नाही. घरी केलं. टेबल थांबवलं आणि एक, दोन, तीन, चार, पाच, मेला. व्हिडिओ हळू करून मोजलं तर निम्मा, निम्मा, निम्मा असा अगदी शहाण्यासारखा चालतो. मेडिकलमधलं ग्लिसरीनही आणलं होतं, ते तर फिरतच नाही म्हटलं तरी चालेल, भांडं थांबलं की ते थांबलं, सेकंदाचा सातवा भाग वगैरे. दाखवायला काही उरत नाही, पैसे वाया.

तेलाचा प्रयोग झाल्यावर आई स्वयंपाकघरातून आली. सोनेरी तेलाचा बीकर उजेडात धरून बघितला. "अरे, हे परत डब्यात ओतणारेस का तू?"

"खायचीच चमकी आहे गं आई, केकवर लावतात."

"मग केक कर त्याचा."

४०० एमएल शेंगतेल अजून माझ्या टेबलाखाली आहे.

आता खरा मुद्दा, जो कुठल्याच टर्नटेबलवर दिसणार नाही, आणि त्यासाठी मी दुकानाला दोष देत नाही. लरेचा प्रश्न भांड्याचा नव्हताच. त्याचं पाणी सगळ्या अवकाशात भरलेलं, भिंत नाही, कड नाही. तिथे भोवऱ्याला पसरायला मोकळं रान आहे, म्हणून तिथे निम्म्याचा निम्मा हा हिशोब मोडतो. शोनबेकबाईंची युक्ती मला इतकी आवडते की ती मी दरवर्षी जास्त वेळ घेऊन शिकवतो. हालचालीचे फुरिएच्या पद्धतीने (लहानमोठ्या लाटांमधे) सुटे भाग करायचे, बारीक भोवरे एकीकडे आणि मोठे आळशी भोवरे एकीकडे, आणि दोघांमधली वेस काळाबरोबर सरकत ठेवायची, टी एवढा काळ झाला की वेस टीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात आत. वेशीबाहेरच्या बारीक भोवऱ्यांना व्हिस्कॉसिटी पुरेशी खाते, तिथे चिंता नाही. आतल्या आळशी भोवऱ्यांना ती खात नाही, पण वेशीच्या आतली जागाच दिवसेंदिवस इतकी चिमुकली होत जाते की तिथे एनर्जी मावणार किती! बास, एवढंच. आळशी लोकांना मारू शकत नाही, मग त्यांची खोली लहान करत न्या.

यातून जे येतं ते पॉवर लॉ, म्हणजे काळाच्या ठराविक घाताने पडणं. तीन मितींमधे, सुरुवातीची हालचाल पुरेशी आटोपशीर असेल तर वेगाचं माप टीच्या वजा ३/४ घाताने पडतं, म्हणजे एनर्जी वजा ३/२ घाताने. ऐकायला काही नाही, पण घड्याळ लावून बघा. एनर्जी निम्मी व्हायची तर काळ १.५९ पट व्हायला लागतो. ढवळून एक मिनिट झालं असेल तर पुढचं निम्मं व्हायला ३५ सेकंद, ठीक. एक तास झाला असेल तर पुढच्या निम्म्याला ३५ मिनिटं. एक दिवस झाला असेल तर अजून चौदा तास. जितकं म्हातारं होतं तितकं मरायला जास्त वेळ घेतं. बीकरमधलं पाणी असं करत नाही, ते कितीही म्हातारं असलं तरी दीड मिनिटात वेग निम्मा. हाच फरक मला पोरांच्या डोक्यात घालायचा होता.

नंतर १९८७ मधे वीग्नरने वेगाच्या त्या वजा ३/४ ला अजून घासून पुसून वजा ५/४ पर्यंत नेलं, सुरुवात चांगली असेल तर. त्याच्या पुढे साधारणपणे जाताच येत नाही, कारण मगाशी जो भिशीवाला नॉनलिनियर भाग म्हटलं ना, तो शांत बसत नाही, तो स्वतःच आळशी भोवऱ्यांमधे थोडे पैसे टाकत राहतो. सुरुवात खास सममिती बघून निवडली तरच त्याहून लवकर मरतं, ते मियाकावा, शोनबेक, ब्रांदोलेझे यांचं काम, तो भाग मी पोरांना नुसता सांगितला, केला नाही.

दोन मितींचं मात्र चित्र काढून दाखवलं कारण ते चित्र सुंदर आहे. सपाट पाण्यात कसेही भोवरे टाका, एकूण फिरकी शून्य नसली तर शेवटी सगळे मिळून एकच गोल भोवरा उरतो, ओसीनचा भोवरा, हे गॅले आणि वेन यांनी २००५ मधे कुठल्याही आकाराच्या सुरुवातीसाठी सिद्ध केलं. त्याचा गाभा पसरतो तो किती हळू, पाणी घेतलं तर एका तासात १२ सेमी, आणि अख्ख्या दिवसात ६० सेमीला थोडा कमी. दुप्पट व्हायला चौपट वेळ. मागच्या बाकावरचा तो पोरगा म्हणाला, "सर, म्हणजे टाकी मोठी घेतली आणि थोडाच वेळ बघितलं, तर भिंत कळायच्या आधी हे दिसेल?" दिसेल! तळाचा पंप आणि उन्हाची लुडबुड सोडली तर दिसेल. एका वर्षात एवढा एक प्रश्न आला तरी माझे ३२० रुपये वसूल.

टर्नटेबलचा अर्धा स्टार का कापला तेही सांगतो. प्लास्टिकच्या बेअरिंगला किंचित खेळ आहे, त्यामुळे फिरताना भांडं अगदी बारीक डुलतं आणि पाण्याच्या पृष्ठभागावर लाट येते. मालकीणबाईंकडे अॅल्युमिनियमचं जड वालं होतं, ते बाराशेच्या पुढे होतं म्हणून मी घेतलं नाही, घ्यायला हवं होतं. आणि भांडं सपाट तळाचंच पाहिजे, घरातला स्टीलचा डबा किंवा वाटी घेतलीत तर तळाला मधे फुगवटा असतो आणि ती सोनेरी ढिगली मधे न बसता गोल कड्यासारखी बसते.

स्टरर परत करायचे सात दिवस मी प्लेट गार व्हायची वाट बघण्यात घालवले. आता तो केमिस्ट्रीच्या मॅडमकडे आहे, त्या म्हणतात मस्त चालतो. बीड मात्र एकच येते हं सोबत, माझी बेसिनमधे गेली, त्यांनी त्यांची टाकलीय.